बेताचं कौतुक

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईनं बाळाचं तोंडभर कौतुक करायचं नसतं. तेल किती कोमट असावं, पाणी किती कढत असावं, हे सासूनं मला नंतर शिकवलं. आधी हे शिकवलं. "लेकराला हात लागू दे, तोंड लागू दिऊ नगं," असं ती म्हणायची. लेकरू कितीही देखणं असो, आईनं विचारलं तर "बरं हाय" म्हणायचं, आणि तेसुद्धा लेकराकडं न बघता, तांब्याकडं बघून.

माझं सासर वेल्ह्याकडचं. सासू बाळ-बाळंतिणीचं करायची, तिच्यामागं मी ते काम धरलं. मुलगा कापूरहोळला गॅरेजात कामाला लागला तेव्हापासून मी त्याच्याकडं राहते, आणि नसरापूर, भोंगवली, भोर अशी जिथून बोलावणं येईल तिथं जाते. शाळा चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा पदर आपोआप तोंडाशी जातो. या कामात ते खपून जातं, कारण काम हातांचं आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा जिवाला आंघोळ घालणं ते काय. पण पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, आणि एक हात सतत त्याच्या मानेपाशी ठेवून दुसऱ्यानं तेल चोळायचं, हे जमायला मला वर्ष लागलं. पाणी कोपरानं बघायचं. बोटं आमची मेलेली असतात, त्यांना चटका कळत नाही. टाळूवर तेल जिरवायचं. नंतर बाळुत्यात घट्ट गुंडाळून ओव्याची धुरी द्यायची. बाळ झोपलं की मग आईचं अंग. असं सव्वा महिना चालतं. तेवढ्यात घरातलं सगळं कळतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोण रात्री रडलं, सगळं. ते बाहेर काढायचं नाही, ही दुसरी शिकवण. तीही मी पाळली, आणि एकदा नको तिथं पाळली. ते पुढं येईल.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. नसरापूरच्या एका आजींना नातीचं नाक बसकं वाटायचं. रोज माझ्या शेजारी बसून "वढा, अजून जरा वढा" म्हणायच्या. मी मनात म्हणायची, आजी, तुमचं न्हाई का कुणी वढलं. भोंगवलीत एक आजोबा होते, ते ओट्यावरून विचारायचे, "कसं काय हाय आमचं कार्टं?"

"बरं हाय."

"बरंच असणार. माझ्यावर गेलंय."

आमच्याकडं कौतुक असं बेतानंच होतं. माझ्या मालकांनी सगळ्या संसारात माझ्या हातच्या जेवणाला जे सगळ्यांत मोठं प्रमाणपत्र दिलं, ते "खाण्याजोगं झालंय" एवढंच होतं. मला ते पुरायचं.

हे बेतानं बोलणं उगाच नाही. आमच्याकडं पाण्यात आसरा असतात म्हणतात. नदीला, विहिरीला, डोहाला. सात बहिणी. त्यांना लेकरं नाहीत आणि लेकरांची हौस फार. कोणत्या घरात गोड लेकरू आलंय हे त्यांना कळायला नको म्हणून आपण आवाज खाली ठेवायचा, गालावर काजळाची तीट लावायची, आणि विचारलंच कोणी तर बरं हाय म्हणायचं.

मी एकदाच चुकले. तेव्हा मी तरुण होते. गुंजवणीच्या काठाला एक वस्ती आहे, तिथलं नदीकडचं शेवटचं घर. त्या घरात पहिली मुलगी झाली होती. अशी पोर मी आजवर पाहिली नव्हती. रंगानं नव्हे, तिच्यात काहीतरी उजेडच होता. न्हाणीत मी आणि तीच. तिची आई आत पडलेली, बाकीचे भाताच्या खाचरात. मी तिला नडग्यांवर घेतलं आणि माझ्या तोंडून गेलं, "सोन्याचा तुकडा हाय, ठिवायला जागा न्हाई बग." हळूच बोलले होते. नदी तिथून वीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून येताना बघितलं, घरातली सगळी माणसं अंगणात उभी होती, खाचरात कोणी गेलं नव्हतं. पोर झोपेतच गेली होती. मला कोणी काही म्हटलं नाही, कारण मी काय बोलले ते कोणाला माहीत नव्हतं. मी सासूलासुद्धा सांगितलं नाही. मालकांना नाही, पुढं लेकालाही नाही. त्यानंतर माझं "बरं हाय" सुद्धा इतकं बारीक झालं की बाया दोनदा विचारायच्या.

आता भोरचं सांगते.

भोरात नदीकडच्या आळीत एक मॅडम राहतात. पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले. त्यांची एकुलती मुलगी अनघाताई परदेशातून बाळंतपणाला आली होती. जावई तिकडंच, मोबाईलवर दिसायचे. मुलगी झाली. पहिल्या दिवशी मी बाळाला पुसून मॅडमच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "क्वाइट नाइस." संध्याकाळी जावयांनी फोनवर बघून म्हटलं ते "रादर स्वीट", असं मॅडमनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मला या बारक्या शब्दांचं कुतूहल वाटायला लागलं. चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, "मॅडम, ते क्वाइट म्हंजी काय ओ?"

"नाइस म्हणजे छान. त्याच्या आधी क्वाइट लावलं की छान एक पायरी खाली उतरतं."

"खाली कशापायी उतरवायचं?"

"भडक दिसू नये म्हणून. चांगल्या माणसानं कौतुक जरा आवरून करावं. इंग्रज माणूस आनंदानं वेडा झाला तरी म्हणेल, नॉट बॅड. वाईट नाही."

"हे तर आमच्या मालकांवानी झालं."

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांना शिकवायचा हुरूप आला. मला एक वही दिली, तीच ही, जिच्यात मी हे लिहितेय. म्हणाल्या, फेअरली म्हणजे कसंबसं चांगल्यात बसणारं, जेमतेम पास झालेल्या मुलीच्या पेपरावर लिहायचं. क्वाइट त्याच्या वर. रादर तेव्हा, जेव्हा आपल्यालाच वाटलं नव्हतं इतकं चांगलं निघतं. मी घरी जाऊन माझ्या अक्षरात लिहिलं: फेअरली, चालंल. क्वाइट, बरं हाय. रादर, बरं हाय की. नॉट बॅडपुढं मालकांचं नाव लिहिलं आणि खोडलं.

मी विचारलं, "त्यांच्यात बी आसरा असत्यात का मॅडम? म्हणून असं दबकत बोलायचं?"

"आसरा नाहीत. शिष्टाचार असतात. ते तेवढेच छळतात."

मला मात्र फार बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या लोकांतही तोंड आवरायची रीत आहे, म्हणजे सासूचं काही चुकलं नव्हतं. आणि मनात आलं, इंग्रजीत बोललं तर आणखीच चांगलं, आसरांना इंग्रजी कुठलं कळायला. मी बाळाला तेल लावता लावता पुटपुटायला लागले, क्वाइट नाइस, क्वाइट नाइस.

दहा-बारा दिवसांनी अनघाताई बदलल्या. आधी केस विंचरायचं सोडलं. मग बाळाला दूध पाजताना तिच्याकडं बघायचं सोडलं, भिंतीकडं बघायच्या. अंगाला हात लावला की दगडासारखं घट्ट लागायचं. रोज एकच विचारायच्या.

"आई, कशी दिसते ही?"

"क्वाइट नाइस," मॅडम पेपर वाचता वाचता म्हणायच्या.

मग मला. "मावशी, तुम्ही एवढी बाळं बघितलीत. खरं सांगा. कशी आहे?"

मी गंमत म्हणून म्हटलं, "क्वाइट नाइस."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

मॅडमच्या घराची न्हाणी मागल्या अंगाला आहे. तिचं एक दार बाहेर उघडतं, आणि तिथून बोळानं गेलं की नीरेच्या पायऱ्या. एका सकाळी बाळ माझ्या पायावर होतं आणि अनघाताई स्टुलावर बसल्या होत्या. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मावशी, मागच्या दाराशी येते ती बाई तुमच्या गावाकडची का?"

"कोण बाई?"

"केस ओले असतात बघा तिचे. तुम्ही गेलात की येते. ती एकटीच हिला चांगलं म्हणते."

"काय म्हणती?"

अनघाताई पुण्यात वाढलेल्या. आमची बोली त्यांच्या तोंडात कधी आली नव्हती. पण त्या वेळी त्यांनी जशीच्या तशी आमच्या वळणाची वाक्यं म्हटली. "म्हणते, सोन्याचा तुकडा हाय, ठिवायला जागा न्हाई बग."

माझे तेलाचे हात बाळाच्या पाठीवर थांबले. ते शब्द माझे होते. गुंजवणीच्या काठी मी ते एकदा बोलले होते आणि त्यानंतर जिवंत माणसापाशी कधी काढले नव्हते.

"आनि काय म्हणती?"

"मला दी, म्हणते."

मी मॅडमना सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, बाळ पायावरून उतरवून, ओल्या हातानं. मॅडम पुढच्या खोलीतच होत्या. पण सव्वा महिन्यात जे कळतं ते बोलायचं नाही, हे माझ्या हाडात होतं. आसरेचं नाव घेतलं तर ती जवळ येते, हेही होतं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या शिकलेल्या बाईसमोर आसरा म्हणायची मला लाज वाटली.

मी माझ्या परीनं केलं. मागच्या दाराला कडी घातली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. बाळाच्या गालावर तीट होती, आणखी एक तळपायाला लावली. आणि मॅडमना म्हटलं, "बाळाला आता नाइस बी नगा म्हणू. नुस्तं फेअरली म्हणा. मला म्हणून."

मॅडमना वाटलं मी शब्द पाठ करतेय. म्हणाल्या, "बरं. आजपासून फेअरली."

आणि खरंच त्या दिवशी अनघाताईंनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "फेअरली नाइस." माझ्याकडं बघून किंचित हसल्या. अनघाताईंनी मान खाली घातली ती वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मागची कडी निघालेली होती. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला फरशी ओली होती, आणि न्हाणीत अजून कोणी पाणी घेतलं नव्हतं. मी पुसून टाकली. तेल चोळताना अनघाताई एकदम दाराकडं वळल्या आणि म्हणाल्या, "थांबा जरा. आंघोळ तर होऊ दे तिची." मी दाराकडं बघितलं. दार बंद होतं. बाळ मात्र रडायचं थांबून तिकडंच बघत होतं. एवढ्या दिवसांच्या बाळाला एवढ्या लांबचं दिसत नाही, हे मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी अनघाताई काहीच बोलल्या नाहीत. मी ते बरं समजले.

चौथ्या दिवशी वडापची जीप उशिरा मिळाली, पोचायला अर्धा तास उशीर झाला. मॅडम पुढच्या खोलीत पेपर वाचत होत्या. म्हणाल्या, "आत आहेत दोघी." मी न्हाणीत गेले. बादलीतलं पाणी वाफाळत होतं, पाट मांडलेला, तेलाची वाटी ठेवलेली. मागचं दार सताड उघडं.

मी बोळानं पळाले. धरणातून पाणी सोडलेलं होतं, पायऱ्या अर्ध्या बुडाल्या होत्या. अनघाताई गुडघाभर पाण्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाळ त्यांनी दोन्ही हातांवर पुढं धरलं होतं. फेकायला नव्हे. एक बाई दुसऱ्या बाईच्या हातात बाळ देताना मानेखाली तळवा ठेवून, जरा पुढं वाकून जशी देते, तशा त्या वाकल्या होत्या. पुढं पाणी होतं. आणखी एक पायरी उतरल्या असत्या तर दोघी गेल्या असत्या. मी धावले असते तर त्या दचकल्या असत्या.

मी वरूनच म्हटलं, "अनघाताई."

"मावशी, ही घेते म्हणते. हिला आवडलीय ती."

मला सगळ्या आयुष्यात जे करायला मनाई होती, ते करायचं ठिकाण हे नव्हतं. नदीच्या काठावर तर नव्हेच. पण दुसरं काय होतं माझ्यापाशी? मी तोंडावरचा पदर काढला.

"मला बी आवडलीय," मी म्हटलं. "पयल्या दिसापास्नं आवडलीय. एवढ्या घरांत हिंडले, अशी पोर दुसरी न्हाई पायली. कपाळ बगा तिचं. बोटं बगा, कशी लांब. पानी अंगावर पडलं की व्हट कशी मुडपती. मी रोज घरी जाऊन तिचीच याद करती."

अनघाताई वळल्या नाहीत. "मग रोज बरी आहे, बरी आहे, असं का म्हणत होतात?"

"भ्याले व्हते."

"कशाला?"

मी एक एक पायरी उतरत होते. "लई देखणी हाय ओ," मी म्हटलं, "लई. आनि तिची आई बी गुणाची हाय. दुकतंय तरी उठून पाजती. तुमच्यावानी बाळंतीण म्या पायली न्हाई. मी हे आदी बोलाय पायजे व्हतं. चुकलं माजं." हे बोलताना माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. नदीवर तो लांबपर्यंत गेला असणार.

अनघाताई समोर बघून, शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या, "राहू दे आता. आमच्या घरातपण आवडलीय ती." आणि हात मागं घेतले.

मी बाळ घेतलं. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं. बाळाचं दुपटं पूर्ण कोरडं होतं. अनघाताईंचे हात कोरडे होते. पण बाळाची टाळू ओली होती, वरून ओला हात फिरवल्यासारखी. मी पदरानं पुसली आणि मागं न बघता दोघींना वर घेऊन आले.

त्याच दिवशी गाडी करून आम्ही त्यांना पुण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही बायकांना असा आजार होतो, नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. औषधानं बरा होतो, पण कळल्याबरोबर आणायला हवं, एक दिवससुद्धा थांबायचं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?"

मॅडम म्हणाल्या, "आजच."

मला बोलावं लागलं. "चार दिस झालं," मी म्हटलं. "मला सांगितलं व्हतं त्यांनी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला मी आजही घाबरते. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मी जमिनीवर. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मला सांगितलं असतंत तरी मी काय म्हटलं असतं, माहीत आहे? म्हटलं असतं, छे, शी इज फेअरली ऑल राइट."

चूक त्यांनी वाटून घेतली म्हणून माझी कमी होत नाही.

अनघाताई बऱ्या झाल्या. वेळ लागला, पण झाल्या. नदीचं त्यांना फारसं आठवत नाही. सोन्याच्या तुकड्याचे ते शब्द त्यांना कुठून सुचले, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. आजाराला ते शब्द कसे ठाऊक झाले, याचं उत्तर औषधांच्या पुस्तकात नसणार.

परदेशी परत जायच्या आधी अनघाताईंनी मला बोलावलं. बाळ तोवर मान धरायला लागलं होतं. मी आंघोळ घालत होते, अनघाताई शेजारी बसून केस विंचरत होत्या, आणि मॅडम न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "सुंदर आहे." मागंपुढं काही न लावता. शब्द तोंडात बसत नसल्यासारखा आला. लेकीकडं वळून म्हणाल्या, "तू पण. लहानपणीही होतीस. मी कधी म्हटलं नाही."

अनघाताईंची फणी केसातच थांबली. त्या म्हणाल्या, "नाही म्हटलंस कधी." एवढंच. पण फणी बराच वेळ तिथंच होती.

मी अजून कामं घेते. नव्या घरी गेले की पहिल्याच दिवशी घरातल्यांना सांगते, आईला काही दिसलं, ऐकू आलं, ती गप्प झाली, तर मला नव्हे, डॉक्टरला सांगा, आणि मला कळलं तर मीही सांगीन. हे बोलताना अजून पदर तोंडाशी जातो, पण बोलते. आणि बाळ पायावरून उतरवलं की आईच्या कानाशी जाऊन तिच्या लेकराचं तोंडभर कौतुक करते. बारका शब्द एकही लावत नाही.

भीती गेलेली नाही. नदीकाठचं घर असलं की मी बोलायला लागताच पाठीमागं कोणीतरी येऊन थांबतं. ओल्या केसांतून पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. मी वळत नाही. तिला ऐकायचं तर ऐकू दे. आधी आईनं ऐकलं पाहिजे.